तुझे हात थरथरत नव्हते, मामा

मामा, हे सगळ्यात आधी लिहिते, कारण मागच्या वेळी हेच चुकलं होतं. तुझे हात थरथरत नव्हते.

आज तुला जाऊन अकरा दिवस झाले. बजाजनगरच्या खोलीत मामीनं तुझा चष्मा अजून खिडकीतच ठेवलाय आणि त्याच्या शेजारी ती लाकडी पेटी, जिच्यात तुझा बारीक मापं घ्यायचा घरचा व्हर्निअर असायचा. कंपनीत तू दिवसभर स्कूटरच्या इंजिनातल्या पिना मोजायचास आणि मापात न बसणाऱ्या बाजूला काढायचास. घरी आल्यावरही हात स्वस्थ बसत नसत, म्हणून जे सापडेल ते मोजायचास. माझी पेन्सिल, दाराची कडी, एकदा तर मामीची भाकर. "कडंला पातळ आन् मधी जाड हाय," असं तू म्हणालास आणि मामी परातीतून मान वर न करता म्हणाली, "मग लावा लाल चिठ्ठी आन् बसा उपाशी."

ती लाल चिठ्ठी तू मला पहिल्यांदा दाखवलीस तेव्हा मी चौथीत होते. खिशातून एक कोरी काढलीस आणि एकेका रकान्यावर बोट ठेवत गेलास. वर नगाचं नाव. खाली दोष काय. मग मोजमाप किती. मग निर्णय, म्हणजे सरळ भंगार, की रीवर्क करून सुधारण्यासारखा. त्याखाली तपासणाऱ्याची सही. आणि सगळ्यात खाली एक मोकळी रेघ, पुनर्तपासणीची.

"ही कामून?" मी विचारलं.

"दुरुस्त हून आली तर परत मापायला नको का? का नुसतं तोंड बघून घ्यायची?"

त्याच वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला नाही. मी रडत घरी आले आणि अप्पांनी कागद ओढला. माझे वडील पत्रकं काढायचे. पाण्याचा प्रश्न असो, रेशनचा असो, संध्याकाळपर्यंत अप्पांचं पत्रक वस्तीच्या भिंतीवर असायचं. आमच्या घरात पाण्याच्या माठावर फळी आणि फळीवर पत्रकांचा गठ्ठा. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. तर त्या दिवशी अप्पांचं पहिलं वाक्य लिहूनही झालं होतं, "आणखी एका लेकराचा आवाज दाबला!" तू बाजेवर बसला होतास. म्हणालास, "दाजी, जरा थांबा. आधी इचारून येतो."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर तू तसाच निळ्या शर्टात शाळेत आलास. मला वाटलं, आता भांडण. तू बाईंपुढं उभा राहिलास आणि म्हणालास, "बाई, नंबर नगं. कारण पाहिजे." बाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, वेळ संपल्याची घंटा झाली तरी ही बोलतच होती. "किती वेळ?" "असेल दोन मिनिटं." तू बाईंचे आभार मानलेस आणि शाळेच्या फाटकाबाहेर येऊन मला म्हणालास, "दोन मिनिटं जास्त हायेस. घासली की बसतीस मापात."

अप्पांचं पत्रक तसंच राहिलं. ते तुझ्यावर आठ दिवस रुसले होते.

मी कॉलेजात जाईपर्यंत सुपरवायझरच्या जागेसाठी तुझ्या मुलाखती सुरू झाल्या होत्या. पहिल्यांदा नकार आला तेव्हा तू एचआरच्या साहेबाकडं गेलास आणि कारण लिहून मागितलंस. साहेब हसला. असं काही लिहून देत नसतात, म्हणाला. तू म्हणालास, "साहेब, मी दिवसभर पिना नाकारतो. लोखंडाला कारण लिहून देतो. मला एक द्या." आणि समोरच्या खुर्चीत बसलास. जेवणाची सुट्टी झाली, सुट्टी संपली, तू बसलेलास. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सलीमभाईंनी सांगितलं. वीस वर्षं तुझ्याच तपासणीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मोजणारा माणूस तो, त्याला सगळं माहीत. ते तुला 'कारणवाले' म्हणायचे. घरी आले की दारातूनच ओरडायचे, "क्या कारणवाले, आज किसकू बिठाके रखे?"

शेवटी साहेबानं एका कागदावर तीन शब्द लिहिले. डिप्लोमा झालेला नाही. तू तो कागद फायलीला लावलास आणि डिप्लोम्याला नाव घातलंस. पाळ्या सांभाळून, पहाटे नळ यायच्या आधी उठून. ड्रॉइंगचा कागद जमिनीवर पसरलेला असायचा आणि मामी साडी वर धरून तो ओलांडत गॅसपाशी जायची. पास झालास. पुढच्या मुलाखतीला नवं कारण आलं, अनुभव एकाच विभागाचा. तू स्वतः मागून बदली घेतलीस, स्टोअरला, मग पॅकिंगला, मग परत टेबलावर. मग म्हणाले, माणसं हाताळायचा अनुभव नाही. मग वय. एकदा तर नुसतं "पुढील वेळी विचार करू" असं लिहून आलं, तो कागद तू परत केलास. "हे कारण नाय साहेब. ह्यात मापायला काय नाय."

सहा मुलाखती. सहाही वेळा दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तू टेबलावर. मला ह्याचाच राग यायचा. मला वाटायचं, हा माणूस जळत का नाही?

दिवाळीच्या आधी मी स्वतः मुलाखत दिली. गंगापूरकडचं एक कॉलेज, मराठी विषयाची जागा. सात मिनिटं आत होते. त्यातली चार माझं आडनाव, मूळ गाव आणि कुठल्या वस्तीत राहता, ह्यात गेली. दुसऱ्या दिवशी यादी बघायला परत गेले. नाव नव्हतं. जीपमध्ये दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसले, वाळूजला उतरले आणि घरी न जाता तुझ्याकडं आले.

"काय म्हणले?"

"नाही म्हणले."

"कारण?"

"कारण काय विचारतोस मामा? साऱ्या जगाला माहितीय कारण."

"साऱ्या जगाला माहितीय, मग कागदावर कामून नाय?"

"ते लिहितील का कधी खरं?"

"खरं नाय लिहिणार. पण खोटं लिहायलाबी त्यांला बसावं लागंल, सही करावी लागंल. तोंडानं खोटं बोलायला लई सोपं असतं, उजे. हातानं लिहायला जड जातं."

"तुझ्या फायलीत एवढी कारणं आहेत. त्यांचं काय लोणचं घातलंस?"

आत मामीला हसू आवरेना. तूही हसलास. "घातलं की. मुरायलंय."

मी चहा न पिता उठले. दोन दिवसांत पत्रक लिहिलं, 'नाकारलेल्यांचा जाहीरनामा'. अप्पा आता थकलेत, पण कागद हातात दिल्यावर त्यांचे डोळे जुन्यासारखे झाले. माझी मुलाखत त्यात होती, चारही मिनिटांचे प्रश्न शब्दाला शब्द. तेवढंच ठेवलं असतं तर ते खरं पत्रक झालं असतं. पण मला मोठा आवाज हवा होता, आणि मला वाटायचं की मोठ्या आवाजाला एक पिचलेला माणूस लागतो. मी तुला घेतलं. न विचारता, नावानिशी. "सहा वेळा लाथाडलेला माझा मामा आज थरथरत्या हातांनी पिना मोजतो आणि मान खाली घालून घरी येतो." अप्पा म्हणाले, "वा!" मलाही ते वाक्य फार आवडलं होतं. चालताना मनात म्हणायचे. अजून पाठ आहे.

तुझ्या कंपनीच्या गेटवर पहिल्या पाळीच्या वेळी मी स्वतः उभी राहून ते वाटलं. तू आत जाताना एक घेतलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि "जेवून आलीस का?" एवढंच विचारलंस.

काही आठवडे तुझा पत्ता नव्हता. मग एका रविवारी घरी आलास. चहा घेतलास, अप्पांच्या गुडघ्याची चौकशी केलीस आणि निघताना माझ्या हातात माझंच पत्रक ठेवलंस. त्याला दोऱ्यानं लाल चिठ्ठी बांधलेली. तुझं ते सरळ, उभं अक्षर.

नग: पत्रक.
दोष: हात थरथरतात असं लिहिलं आहे. मान खाली आहे असं लिहिलं आहे.
मोजमाप: घेतलेलं नाही.
निर्णय: रीवर्क.
खाली तुझी सही.

मला वाटलं, तुझा मान दुखावला. मी म्हणाले, "मामा, पत्रक असंच लिहावं लागतं. त्याशिवाय लोक पेटत नाहीत."

"लोकं पेटत्याल गं. पण ह्यात मी कुठंय?"

"हा काय. हा तूच आहेस."

तू चष्मा वर करून परत एकदा ते वाक्य वाचलंस. "हा मी नाय. हा दुसराच कोणतरी गरीब हाय."

तू चपला घातल्यास. दारातून वळून म्हणालास, "भंगार लिहिलं नाय मी." आणि गेलास.

त्यानंतर मी बजाजनगरला आले नाही. पाच महिने. तू फोन करायचास. "काय लिहायलीस?" "काही नाही." "बरं." एवढंच बोलणं व्हायचं. मी तुझी वाट बघत होते की तू चिठ्ठी मागे घेशील. आणि तू बहुतेक रीवर्कची वाट बघत होतास.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. खोलीसमोरच मांडव टाकला होता. भन्तेजींचं म्हणून झालं, लोक जेवायला बसले. सलीमभाई एका बाजूला चहाचा ग्लास हातात धरून उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बेटा, तेरेकू बोला क्या उसने, टेबल का?"

"कुठल्या टेबलाचं?"

"मतलब नै बोला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "तेरा परचा ऊपर तक गया था. साब बोले, इसके घरवालेच लिख रहे ना, हात थरथराते बोलके? मापनेवाले का हात थरथराया तो माल का क्या भरोसा? हटाओ टेबल से. चार हफ्ते स्टोअर में बिठाए उसकू. नट-बोल्ट गिनता था, कारणवाला."

मी विचारलं, "मग?"

"मग क्या. डॉक्टर का कागद लाया. फिर भी नै माने. तो खुदच बोला, सबके सामने एक पिन देओ, दस बार मापता. दिए. दस बार मापा. दसों बार एकच माप. साब का चेहरा देखने का था." ते हसले आणि त्यांचे डोळे भरले. "मैं बोला था उसकू, बता दे भांजी कू. तो बोला," आणि इथं सलीमभाईंनी थेट तुझा आवाज काढला, "'नको सलीम. ती लिहायचं सोडंल.'"

मामा, सहा वेळा नाकारला गेलेला तू टेबलावर ताठ बसायचास, कारण त्या सहा नकारांना तुझ्या हाताचं माप घेता आलं नव्हतं. ते डिप्लोम्याबद्दल होते, वयाबद्दल होते. तुझ्या हाताबद्दल पहिल्यांदा कुणी लिहिलं ते मी. मॅनेजरांना सहा मुलाखतींत जे सापडलं नाही ते मी एका वाक्यात त्यांच्या हाती दिलं. आणि तू टेबलावर परत जाऊन पहिलं काम काय केलंस, तर घरी येऊन मला रीवर्क लिहून दिलंस.

ह्या सगळ्यासाठी मी तुझे पाय धरीन. पण त्याआधी तुझ्याशी भांडायचंय, कारण ते आपलं अर्धं राहिलंय.

तू तुझाच नियम मोडलास. चिठ्ठीवर जागा होती. "ह्या वाक्यामुळं मला टेबलावरून उठवलं," एवढं त्यात मावलं असतं. तू मला दोष लिहून दिलास आणि परिणाम खिशात ठेवलास. साहेबाला म्हणायचास, कारण पूर्ण द्या, आणि भाचीला अर्धं दिलंस. का, तर ती लिहायचं सोडेल. कुणी सांगितलं तुला? मी सोडलं नसतं. चार दिवस रडले असते, अप्पांशी भांडले असते आणि पाचव्या दिवशी गेटवर दुसरं पत्रक घेऊन उभी राहिले असते, तू जिवंत असताना. तू मला मापलं नाहीस मामा. अंदाजानं घेतलंस, जसं मी तुला घेतलं. ह्या एका बाबतीत आपण दोघं सारखेच चुकलो, आणि माझी चूक मोठी.

तुला वाटेल, झालं हिचं, आता ही शांत होईल. नाही होणार. मी आजही म्हणते की तू सुपरवायझर व्हायला हवा होतास, आणि तुला होऊ दिलं नाही, हा अन्याय होता. हे वाक्य मी मोजून लिहिलंय. तुझी फाईल समोर आहे. डिप्लोमा पहिल्या वर्गात. तीन विभागांत काम. त्यानंतर वय हे कारण. तुझं वय वाढलं ते त्यांच्याच कारणांमागं धावताना. ह्यात एकही शब्द थरथरत्या हाताचा नाही आणि तरी वाचताना माझ्या अंगाची आग होते. म्हणजे पेटायला पिचलेला माणूस लागत नाही. हे मला तू सांगत होतास आणि मला ऐकू येत नव्हतं.

परवा मांडवात आणखी एक बाई आली होती. तुझ्याच विभागातली नवी सुपरवायझर, वैशाली. तिनं मामीला पर्समधून एक छापील कागद काढून दाखवला. दोन वर्षांपूर्वी तिला नाकारलं तेव्हाचा. तिला तो मागावा लागला नव्हता. तू खुर्चीत येऊन बसतोस ह्याला कंटाळून साहेबांनी कारणाचा कागदच छापून घेतला, आता तिथं प्रत्येकाला मिळतो. तिच्या कागदावर होतं, संगणकावर अहवाल करता येत नाही. "काकांनी मला इचारलं, ह्यात मापण्यासारखं काय हाय का? म्या म्हणलं, हाय. तर म्हणले, मग नशीबवान हायेस पोरी, लाग शिकायला." ती शिकली आणि पुढच्या वेळी झाली. मामीनं तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला. मी तुझ्या फायलीला लोणचं म्हणाले होते.

काल मी गंगापूरला गेले. कॉलेजच्या ऑफिसात अर्ज दिला की माझ्या मुलाखतीच्या नकाराचं कारण लेखी मिळावं. क्लार्कनं अर्ज उलटसुलट करून बघितला.

"असं कोणी मागत नाही हो मॅडम."

"मागतात. आमच्या घरात मागतात."

"प्राचार्य मीटिंगमध्ये आहेत."

"बसते."

खुर्ची लाकडी होती, एक पाय तोकडा. मी बसले. आधी दहा मिनिटं मला लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही गेलं आणि नुसतं बसणं उरलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या खुर्चीत तू काय करत होतास. तू दया मागत नव्हतास आणि ओरडतही नव्हतास. तू तिथं होतास, आणि तुला उठवायचं तर त्यांना काहीतरी लिहावं लागणार होतं. मला ते शरणागतीसारखं दिसायचं. ते माझ्या सगळ्या घोषणांहून अवघड आहे.

दीड तासानं अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच मिळाली. कारण अजून आलेलं नाही. येईल ते खोटंही असेल. पण ते कुणाला तरी बसून लिहावं लागेल. आणि त्यांची पुढची जाहिरात निघाली की मी पुन्हा जाणार आहे.

हेही पत्रकच आहे मामा. उद्या पहिल्या पाळीला त्याच गेटवर उभी राहून वाटणार आहे. जिथं ते वाक्य वाटलं, तिथंच हे वाटायला हवं. आज सकाळी लिहून झालं तसं सलीमभाईंच्या घरी घेऊन गेले. ते पेन्सिल घेऊन बसले. मी स्टोअरचे तीन आठवडे लिहिले होते, त्यांनी चार केले. "मैं उसके साथ रोज डब्बा खाता था, मेरेकू मालूम." डिप्लोम्याला मी आठवणीनं दुसरा वर्ग लिहिला होता, त्यावर तर ते चिडलेच. "पैला! पूरे शॉप में पेढे बांटा था, तू क्या लिखती?" मी फाईल उघडून बघितली. पहिलाच होता. दुरुस्त केलं.

मग मी पर्समधून तुझी लाल चिठ्ठी काढली आणि पुनर्तपासणीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, सलीमभाई, इथं सही करा. त्यांनी पेन हातात घेतलं. थोडा वेळ धरून ठेवलं आणि टोपण लावून टाकलं.

"ये उसकी जगा है बेटा. खाली रैने दे."

रेघ मोकळी आहे. चिठ्ठी मी ह्या कागदाला बांधलीय, तुझ्याच दोऱ्यानं. त्यावर मधल्या रकान्यात, जिथं तू "घेतलेलं नाही" लिहिलं होतंस, त्याच्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलंय.

मोजमाप: एक पिन, दहा वेळा. दहाही वेळा एकच माप.